मदत हवी आहे: ९७.४ पर्सेंटाइलवर सीओईपी लागेल का?

चोपड्याचा मामा
भाचीचा इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल आला, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ९७.४. बहीण-मेहुणे केळीच्या कामात अडकलेत, म्हणून फॉर्मचं सगळं माझ्याकडे आलंय. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय कॉलेज लागेल का? नाहीच तर पुण्याचं खासगी पीआयसीटी? एक जण म्हणतो आरामात लागेल, दुसरा म्हणतो नावच काढू नका. फॉर्म भरायला दोनच दिवस उरलेत. लवकर आणि स्पष्ट सांगा.

अमळनेरकर
भाऊ, ब्रँच? कॅटेगरी? नुसत्या पर्सेंटाइलवर कोण काय सांगणार? ओपनमधून कॉम्प्युटर म्हणत असाल तर सीओईपी, व्हीजेटीआय दोन्ही सोडा. तिथे ९९.८च्या पुढची पोरं उभी असतात.

चोपड्याचा मामा
कॉम्प्युटरच. ओबीसी. आता सांगा.

बांभोरीचा माजी विद्यार्थी
मामा, पुण्याचा हट्ट कशाला? जळगावजवळचं बांभोरीचं कॉलेज आहे, शिरपूरचं आर. सी. पटेल आहे. शनिवारी पोरगी घरी येईल. पुण्यात खोली, मेस, डिपॉझिट यातच केळीचा पैसा जातो. मी बांभोरीचा, आज पुण्यातच नोकरीला आहे. पहिल्या नोकरीनंतर कॉलेज कोणी विचारत नाही.

अमळनेरकर
पहिली नोकरी लागेपर्यंत मात्र सगळे विचारतात. कॅम्पसला कोणत्या कंपन्या येतात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि त्यांनी चान्स विचारलाय, कुठे पाठवू हे विचारलेलं नाही.

यावलची ताई
काळजी करू नका दादा. ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच काढलाय. आता खान्देशातल्या पोरांना राज्यभर सारखीच संधी आहे. माझ्या पुतण्याला त्यामुळेच मुंबईत एमबीबीएस मिळालं.

धुळ्याचा पालक
ताई, तो मेडिकलचा कोटा. इंजिनिअरिंगचा हिशोब वेगळा. इथे होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठात येतं तिथल्या मुलांना, ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के जागा आहेत. चोपडा म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, त्यामुळे पीआयसीटीला तिचा नंबर ३० टक्क्यांतच लागणार. ९७.४ वर अवघड आहे. सीओईपी, व्हीजेटीआयला मात्र होम-बाहेर असं काही नाही, त्या जागा राज्यस्तरीय आहेत.

यावलची ताई
माहीत नव्हतं, मला वाटलं सगळीकडचाच गेला.

कटऑफवाले सर, भुसावळ
थांबा. मामा, बारावी कुठून झाली?

चोपड्याचा मामा
सर, आम्ही चोपड्याचेच. जमीन, रेशनकार्ड सगळं इथलं. भाची क्लाससाठी दोन वर्षं नाशिकला होती, बाकी इथेच.

कटऑफवाले सर, भुसावळ
रेशनकार्ड नको. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म कोणत्या कॉलेजातून भरला?

चोपड्याचा मामा
नाशिकच्याच. क्लास आणि कॉलेज एकच होतं. त्याने काय फरक पडतो?

कटऑफवाले सर, भुसावळ
फार मोठा. होम युनिव्हर्सिटी घरावरून ठरत नाही, बारावी जिथून पास केली त्यावरून ठरते. नाशिक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतं. म्हणजे पुण्या-नाशिकची खासगी कॉलेजं तिच्यासाठी होम झाली. धुळ्याच्या भाऊंचा हिशोब नियमाप्रमाणे बरोबर होता, फक्त माहिती अर्धी होती.

आता गेल्या वर्षीची कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांची, कटऑफ यादी उघडा. प्रत्येक कॉलेजखाली कोड दिसतील. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा. मध्ये कॅटेगरी. शेवटी एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. तुम्ही पीआयसीटीला एलओबीसीएच बघायचं आणि सीओईपीला एलओबीसीएस. बहुतेक लोक पहिल्या रकान्यातला जीओपीईएन वाचतात आणि घाबरतात, नाहीतर उगाच हुरळतात. मुलींना ३० टक्के राखीव जागा आहेत, तो रकाना वेगळाच चालतो.

आकड्याशेजारी मेरिट नंबरही छापलेला असतो, तोही जुळवा. पर्सेंटाइल तेच असलं तरी मुलांची संख्या बदलली की नंबर सरकतो. आणि शेवटच्या फेरीची यादी बघा, पहिल्या फेरीवरून निराश होऊ नका.

माझं मत सांगतो. सीओईपी, व्हीजेटीआय कॉम्प्युटर: नाही. पीआयसीटी कॉम्प्युटर: आशा ठेवू नका, पण यादीत टाका, टाकायला पैसे पडत नाहीत. सीओईपीला सिव्हिल, मेटलर्जीचे रकाने नीट तपासा, तिथे खरी शक्यता दिसते. पुण्यातल्या मधल्या कॉलेजांत कॉम्प्युटर, आयटीला ती होममधून चांगली बसते.

बांभोरीचा माजी विद्यार्थी
सर म्हणतात ते खरं. पण खर्चाचं काय? मधल्या कॉलेजची फी बघितलीय का कोणी?

धुळ्याचा पालक
२०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर गेलं. खोलीभाडं उरतंच, ते मान्य.

अमळनेरकर
क्रमही जपून लावा. २०२५ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं लागलं तर तेच घ्यावं लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं. 'बघू तर लागतं का' म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नका.

यावलची ताई
मामा, एक विचारू? इतका वेळ सगळे कॉम्प्युटर कॉम्प्युटर करताय. तिना मनमा काय शे ते तरी इचारा.

चोपड्याचा मामा
ताई, आत्ताच फोन केला. म्हणाली, "मामा, सीओईपी असेल तर मला सिव्हिलही चालेल. पाटाचं पाणी आपल्याकडे का पोचत नाही ते मला शिकायचंय." हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बाहेर कुठे असेल तर कॉम्प्युटर किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम).

सर, तुम्ही सांगितलं तसं रकाने लिहून काढतोय. सीओईपी सिव्हिल सगळ्यात वर टाकतो. आता एकच अडचण. नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलीय. नवीन नाशिकहून काढायचा की चोपड्याहून?

कटऑफवाले सर, भुसावळ
चोपड्याहून, वडिलांच्या कागदपत्रांवर. होम युनिव्हर्सिटीचा आणि याचा संबंध नाही. उद्या सकाळीच सेतूत अर्ज टाका, पावती लगेच मागून घ्या आणि फॉर्मला जोडा. जात पडताळणी झालीय ना?

चोपड्याचा मामा
हो सर, ती अकरावीतच केली. उद्या नऊ वाजता सेतूत जातो.