फॉर्म ‘बी’ आहे, पण पाणी नाही?
इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे जानेवारी-जुलैचे दाखले, म्हणजे फॉर्म ‘बी’, वेळेवर देऊनही गच्चीवरच्या हायड्रंटला (आग विझवायच्या नळाला) पाणी का नाही, असं एकाने विचारलंय. आधी पंपरूममधल्या पॅनेलचा सिलेक्टर (‘ऑटो’/‘मॅन्युअल’ निवडायची कळ) बघा, बहुतेकदा तो ‘मॅन्युअल’वर सापडतो. कुठला तरी व्हॉल्व्ह किंवा एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतो, लाइनचा दाब उतरतो, तो दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप दर थोड्या वेळाने सुरू होतो. आवाजाच्या तक्रारी आल्या की वॉचमन कळ ‘मॅन्युअल’वर फिरवतो, मग मुख्य पंपही आपोआप लागत नाही. गळती राहते ती राहतेच!

सिलेक्टर ‘ऑटो’वर ठेवून गच्चीवरचा हायड्रंट उघडा. मुख्य पंप आपोआप लागायला हवा आणि पाणी वाहत असताना वर ३.५ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास दाब दिसायला हवा. पाणी वाहत नसताना, बंद लाइनवरचा दाबाचा काटा बघून फॉर्मवर सही घेऊ नका, तो फसवतो. मुख्य पंप मात्र हातानेच बंद करायचा असतो, तो बिघाड नव्हे.