हेडसेट लावून हवाई बेटं 'बघून झाली' म्हणणाऱ्यांना उत्तर

रानजाई:
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं की हवाईतल्या ओआहू बेटावरच्या हॉटेलात हेडसेट लावून वीस मिनिटांचा व्हीआर शो बघितला, हुला म्हणजे तिथलं पारंपरिक नृत्य झालं, ज्वालामुखी झाला, होकूलेआ नावेतून थेट ताहिती झालं, आता गावं हिंडायची गरजच नाही, सगळ्यांनीच आपला वारसा असा दाखवावा म्हणजे गर्दी कमी होईल. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझी मुलगी पाच वर्षं इथे कॅलिफोर्नियाच्या बे एरियात हालाउमध्ये, म्हणजे हुलाच्या पाठशाळेत, हुला शिकतेय. सुरुवातीला मला वाटलं डान्स क्लास आहे, फी भरली की आत. तसं नसतं. दर शनिवारी या पोरी चपला काढून बंद दाराशी उभ्या राहतात आणि ओली म्हणतात, म्हणजे 'आत येऊ का' हे गाऊन विचारतात. आतून कुमूंनी, म्हणजे गुरूंनी, उलट ओली म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. एकदा पाऊस होता, दोनदा म्हणून झालं तरी आतून काही नाही. खिडकीतून मला कुमू बसलेल्या दिसत होत्या, मी इतकी चिडले, म्हटलं पोरी भिजतायत आणि ही बाई ढिम्म! तिसऱ्यांदा सगळ्यांचा सूर एक लागला आणि आतून आवाज आला. लेक घरी येताना गाडीत म्हणाली, आई, आज आम्ही आधी नुसतं ओरडत होतो.

हेडसेटात हे कुठे बसवणार? तिथे बटण दाबलं की दार उघडं. 1830 मध्ये काआहुमानू राणीने जाहीर हुलावर बंदी घातली, पुढे कालाकाउआ राजाने तो परत मानाने आणला. 1896 च्या कायद्याने शाळेतून त्यांची भाषा गेली, ती 1984 पासून पूनाना लेओच्या बालवाड्यांतून एकेका पोराच्या तोंडी परत बसवतायत. इतकं सोसून राखलेली गोष्ट वीस मिनिटांत 'झाली' म्हणता?

दख्खनी:
ती पोस्ट माझीच. 'गरज नाही' हे घाईत लिहिलं गेलं, पण बाकीचं मागे घेणार नाही.

माझी आई 76 वर्षांची, वॉकरशिवाय चार पावलं टाकत नाही. बिग आयलंडला गेलो तेव्हा पुऊहोनुआ ओ होनाउनाउ या जुन्या आश्रयस्थानी तिला गाडीतच बसवावं लागलं, तो खडबडीत लाव्हा, तिथे वॉकर कसला चालतोय. नंतर भाच्याने घरी हेडसेटवर त्याच जागेचा 360 व्हिडिओ लावून दिला. ती दगडी भिंत समोर आली तशी तिने हात पुढे केला, चाचपायला. मी सांगितलं की कापू, म्हणजे तिथला पवित्र निषेध, मोडलेला माणूस, ज्याला मरणाचीच शिक्षा, तो पोहत पळत इथे पोचला की वाचायचा. आई म्हणाली, "चुकलेल्याला पोटात घेणारी जागा आहे होय ही." हेडसेट काढला तर डोळे भरलेले. हिने कोणत्या दाराशी जाऊन गायचं होतं, सांगा तुम्ही.

आणि काहोओलावे? 1941 पासून 1990 पर्यंत अमेरिकन नौदलाने त्या बेटावर बॉम्बचा सराव केला, न फुटलेले अजून जमिनीत आहेत, मनात आलं म्हणून तुम्ही-आम्ही जाऊ शकत नाही. ते कॅमेऱ्यातून नाही तर कशातून दाखवणार? बेटांवर माणसं चौदा लाखांच्या आसपास आणि 2019 मध्ये पर्यटक एक कोटीच्या वर. गर्दी कमी व्हावी म्हटलं तर माझं काय चुकलं?

रानजाई:
आईंना नमस्कार सांगा. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गर्दीचं म्हणाल तर शो बघून कोणी तिकीट रद्द करत नाही, उलट आणखी चार जण 'प्रत्यक्ष बघू' म्हणून निघतात. माझ्याच नात्यातले निघाले.

दुर्बीण:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. हिलोचं इमिलोआ केंद्र बघितलंय का? 2006 पासून आहे. तारांगण आहे, सगळी माहिती हवाईयन आणि इंग्रजी दोन्हीत, ताऱ्यांवरून नाव कशी हाकायची ते आणि आजचं खगोलशास्त्र एका छपराखाली. 2019 मध्ये ज्याचं पहिल्यांदा चित्र मिळालं त्या कृष्णविवराला पोवेही हे नाव हिलोच्याच हवाईयन भाषेच्या प्राध्यापकांनी सुचवलं. तंत्रज्ञान आणि परंपरा अशी जोडीने चालते. पण हवाईयन लोक पवित्र मानतात त्या मौना केआ डोंगरावर तीस मीटरची दुर्बीण म्हटली की लगेच रस्ता अडवून बसायचं. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचाही त्यात सहभाग आहे, माझ्या मित्राची ऐन उमेदीची वर्षं त्या कामात गेली आणि डोंगरावर अजून काही उभं नाही. याचं दुःख कोणाला?

रानजाई:
रस्ता अडवून कोण बसलं होतं हो? जुलै 2019 मध्ये अटक झाली ती कुपुनांना, आजी-आजोबांना, तीसपेक्षा जास्त जणांना, खुर्च्यांवर ब्लँकेट गुंडाळून बसलेले. डोंगरावर आधीच तेरा दुर्बिणी होत्या. चौदावीला नको म्हटलं तर ते विज्ञानाचे शत्रू?

दुर्बीण:
शत्रू हा शब्द मी वापरला नाही, माझ्या तोंडी घालू नका. खालून नाव हाकताना तारे बघायचे ते चालतं, मग वरून बघायला विरोध का, एवढंच विचारतोय. 2018 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने दुर्बिणीचा परवाना कायम केलाय.

कुडाळकर:
मध्ये पडतो. आमच्या गावात देवराईच्या कडेला मोबाईल टॉवर आला. रेंज सगळ्यांनाच हवी होती, मलाही. कागद सगळे होते, ग्रामपंचायतीचा ठरावही होता. पण देवाला गाऱ्हाणं घातलं नाही की मानकऱ्यांना कोणी विचारलं नाही, सकाळी जेसीबीच दारात. माझे काका मानकरी, त्यांनी आयुष्यात कशाला विरोध केला नव्हता. तो माणूस दोन महिने घरात कोणाशी धड बोलला नाही. विचारलं असतं तर 'हो'च म्हणाले असते, हे मी लिहून देतो. त्यामुळे कोर्टाचा कागद मला सांगू नका.

दुर्बीण:
देवराईचं उदाहरण इथे लागू नाही. तिथे सात वर्षं सुनावण्या झाल्या, लोकांना बोलायला मिळालं.

रानजाई:
कधी मिळालं? डिसेंबर 2015 मध्ये त्याच कोर्टाने पहिला परवाना रद्द का केला तेही लिहा की. सुनावणी घ्यायच्या आधीच परवाना देऊन मोकळे झाले होते म्हणून! आधी दार उघडून आत शिरायचं आणि मग 'येऊ का' विचारायचं.

दुर्बीण:
2015 चं मान्य. ती चूकच होती, आणि ती चूक झाली नसती तर कदाचित दुर्बीण आज उभी असती. पण यापुढे माझं मत बदलणार नाही.

दख्खनी:
विषय हेडसेटचा होता, डोंगरावरून खाली या. रानजाई, एक सांगा. हवाईतली दर्यावर्दी विद्या जवळपास संपली होती. 1976 ला होकूलेआ कुठलंही यंत्र न वापरता ताहितीला गेली ती मायक्रोनेशियातल्या सातावल बेटाच्या माऊ पिआइलुग यांच्या जोरावर. ते हवाईचे नव्हते, आणि आपल्या बेटाबाहेर विद्या दिली म्हणूनच ती हवाईत परत रुजली. सगळंच दाराआड ठेवलं असतं तर?

रानजाई:
दार बंद ठेवा असं मी कुठे म्हटलं? माऊंनी स्वतः दिली, समोर बसवून, वर्षानुवर्षं. आणि इमिलोआला माझा विरोध नाही, तिथे काय दाखवायचं हे ठरवताना तिथली माणसं आहेत. तुमच्या हॉटेलातल्या शोमध्ये जो ओली वाजला तो कोणत्या हालाउचा? कोणाला विचारून घेतला? तेवढं सांगा, मी गप्प बसते.

दख्खनी:
हॉटेलला मेल टाकलाय, उत्तर आलं की इथे लिहीन. काल रात्री आईचा तो व्हिडिओ मात्र परत लावून शेवटच्या अक्षरापर्यंत बघितला. कॅमेरा कोणाचा, संगीत कोणाचं, सगळं आहे, होनाउनाउच्या एकाही माणसाचं नाव नाही. हे तुमचं बरोबर निघालं. आईला सांगितलं तर म्हणाली, मग त्यांना पत्र घाल आणि विचार, पण तोवर मला ती भिंत आणखी एकदा दाखव.