शब्दचर्चा : ‘रूमशाम’मधलं रूम म्हणजे रोम नव्हे

बखरींच्या भाषेत ‘रूमशाम’ येतं. फार लांबचे, बलाढ्य मुलूख, असा त्याचा रोख असतो. परवा मुलीला वाचून दाखवताना तिने विचारलं, ‘‘रूम म्हणजे रोम ना?’’ मीही इतकी वर्षं तसंच धरून चाललो होतो. शाम म्हणजे सीरिया, त्यात अडचण नाही. रूमचा मात्र शोध घ्यावा लागला.

हे रूम इटलीतलं नाही, कॉन्स्टँटिनोपलचं, म्हणजे आजच्या इस्तंबूलचं आहे. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग तिथून आणखी हजार वर्षं चालला आणि तिथले लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत. ‘बायझंटाईन’ हे नाव त्यांना मिळालं १५५७मध्ये, एका जर्मन अभ्यासकाकडून, म्हणजे साम्राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी. अरब, इराणी आणि तुर्क मात्र त्यांच्या मुलखाला रूमच म्हणत. सूफी कवी मौलाना रूमी ‘रूमी’ झाले तेही आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्यात, म्हणजे त्या मुलखात राहिले म्हणून.

२९ मे १४५३ रोजी, ५३ दिवसांच्या वेढ्यानंतर, एकवीस वर्षांच्या सुलतान मेहमेदने ते शहर घेतलं आणि ‘कैसर-ए-रूम’ ही पदवी धारण केली. पराभूतांचं नाव जेत्याने घेतलं! तेव्हापासून रूमचा पातशहा म्हणजे उस्मानी तुर्कांचा सुलतान. आपल्याकडे शब्द पोचला तो याच अर्थाने, म्हणून ‘रूमशाम’मधल्या रूमचा अर्थ तुर्कस्तान असाच द्यायला हवा.

आता दुसरा शब्द, तोफ. तो मूळचा तुर्की ‘टॉप’. वेढ्यासाठी ओर्बान नावाच्या हंगेरियन ओतकाराने एक अजस्र तोफ ओतली. आधी तो कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहा कॉन्स्टंटाइनकडेच गेला होता, पण तिथे पैशांची चणचण, म्हणून तो मेहमेदकडे वळला. ती तोफ उस्मानींच्या तेव्हाच्या राजधानीहून, एदिर्नेहून, ओढून आणायला साठ बैल लागले असं वर्णन आहे. इस्तंबूलमध्ये आजही ‘टोपहाने’ नावाची वस्ती आहे, म्हणजे आपला तोफखाना. अहिल्यानगरातही तोफखाना भाग आहेच. ‘टोपकापी’ राजवाड्याच्या नावाचा अर्थ तोफ-दरवाजा.

आणि हे दोन्ही शब्द एकत्र भेटतात ते विजापूरच्या बुरुजावर. मुलूखमैदान तोफ १५४९मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि दातांमध्ये हत्ती चिरडलेला आहे. तिच्यावर कर्त्याचं नाव कोरलंय : मुहम्मद बिन हसन रूमी. आता या ‘रूमी’चा अर्थ कळल्यावर ते नाव वेगळंच बोलायला लागतं. कॉन्स्टँटिनोपल पडल्याला शंभर वर्षं होत नाहीत तोच रूमचा ओतकार निजामशाहीत तोफ ओततोय. तोफेचं मूळ नाव ‘मलिक-ए-मैदान’, मैदानाचा धनी. मराठी कानांनी मलिकचं मुलूख केलं. चूकच म्हणायची, पण मला ती मनापासून आवडते. सभेत आग ओकणाऱ्या वक्त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो, तिथे ‘मलिक’ कधीच इतका शोभला नसता.

एक गोष्ट राहिलीच. तुर्कीत ‘टॉप’चा अर्थ चेंडूही होतो. गोल वस्तू ती टॉप, मग खेळायची असो की गोळा फेकायची. आपल्याकडे नेमका उलटा प्रवास झालाय. तोफ डागणारा तो गोलंदाज, गोळा फेकणारा. आज गोलंदाज म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त क्रिकेटचं मैदान येतं.

‘रूमशाम’ तुमच्या घरात कुणाच्या बोलण्यात ऐकलाय का? ऐकला असल्यास पूर्ण वाक्य आणि गाव, दोन्ही लिहा.