कानातली शिट्टी आणि साधे आवाजही सहन न होणं: रोजचं कसं निभावता? सल्ला हवाय

सांजवेळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज विचारायलाच धागा काढलाय. मला दोन्ही कानांत सतत बारीक शिट्टी ऐकू येते, टिनिटस असं निदान झालंय. ईएनटीने कान तपासले, मळ नाही, पडदा ठीक, ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, वरच्या फ्रीक्वेन्सीला (बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना) थोडं कमी ऐकू येतंय एवढंच निघालं आणि सवय करून घ्या म्हणून सांगितलं. पण सवय करायची म्हणजे नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही.

आणि खरं सांगू का, शिट्टीपेक्षा जास्त त्रास सध्या बाहेरच्या आवाजांचा होतोय. भांडं भांड्यावर आपटलं, कोणी खुर्ची फरशीवरून ओढली, मिक्सर लागला की कानात कळ जाते आणि मग शिट्टी चढते ती लवकर उतरतच नाही. त्यामुळे आता घरातही इयरप्लग घालूनच वावरते. रात्री मात्र उलटं, सगळीकडे सामसूम झाली की डोक्यात फक्त शिट्टी, झोप लागत नाही. झोपेसाठी काय करता, प्लग कोणते घेता, ऑनलाइन मीटिंगला हेडफोन लावावेत का, एखादी गोळी कोणाला लागू पडलीय का, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

माळरान

सांजवेळ, वाचून वाईट वाटलं, मी पुष्कळ वर्षं या शिट्टीबरोबर राहतोय त्यामुळे तुमच्या रात्री कशा जात असतील ते कळतंय. एक आधी सांगतो, हे हळूहळू अंगवळणी पडतं. आवाज जातोच असं नाही, माझा आजही आहे, पण दिवसातला बराच वेळ मला तो आठवतही नाही.

झोपेचं म्हणाल तर खोलीत पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा, पावसाचा आवाज, व्हाइट नॉइजचं (एकसारख्या खरखरीचं) अ‍ॅप, काहीही चालेल, व्हाइट टोचत असेल तर ब्राउन नॉइज लावून बघा तो जास्त घुमट आणि मऊ असतो. फक्त शिट्टी पार बुडेल इतका मोठा लावू नका, शिट्टी जराशी ऐकू येत राहिली तर मेंदू तिला बिनकामाची समजून मागे टाकायला शिकतो असं म्हणतात. मोबाइल कानाशी नको, स्पीकर जरा लांब ठेवा आणि रात्रभर चालू राहू द्या, कारण मध्येच बंद झाला की त्या शांततेनेच जाग येते. आणि झोप येत नसेल तर शिट्टी मोजत पडून राहू नका, उठा, मंद दिव्यात काहीतरी करा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा.

जबडा आवळून किंवा दात खात झोपायची सवय आहे का तेही बघा, जबडा आणि मान आखडली की बऱ्याच जणांचा आवाज वाढतो.

श्रवणमित्र

मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याच्या चाचण्या आणि उपचार करणारा) आहे, थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ताई, घरात दिवसभर प्लग घालणं कमी करायला हवं, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. कानाकडून येणारा सिग्नल कमी झाला की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो. वरच्या फ्रीक्वेन्सीला कमी ऐकू येतं तिथे शिट्टी उगवते ती बहुतेक याचमुळे, आणि प्लगने बाहेरचंही बंद केलं की तो व्हॉल्यूम आणखी चढतो मग साधं भांडंही कानात घुसतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यवस्थित ऐकू येणाऱ्या माणसांना दोन आठवडे इयरप्लग घालायला दिले तर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटायला लागले, आणि ज्यांच्या कानाशी मंद खरखर चालू ठेवली होती त्यांची सहनशक्ती वाढली. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, कानाची तक्रार नसलेल्या ८० जणांना अगदी निःशब्द खोलीत बसवलं तेव्हा ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला, म्हणजे पूर्ण शांततेत जवळपास सगळ्यांनाच काहीतरी ऐकू येतं.

प्लग एका दिवसात फेकू नका पण. आधी घरातल्या सगळ्यात शांत वेळेत काढा, मागे मंद आवाज असू द्या, मग हळूहळू वेळ वाढवा. ड्रिल, लाउडस्पीकर, बँड अशा ठिकाणी प्लग हवेतच. अंदाजासाठी लक्षात ठेवा, ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो, टिनिटस घालवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) यांची शिफारस टिनिटससाठी करू नये असं अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय. त्रास कमी व्हायला सगळ्यात भक्कम पुरावा सीबीटीचा (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीचा) आहे, म्हणजे समुपदेशकाबरोबर त्या आवाजाची भीती आणि त्याच्याभोवतीचे विचार यावर काम करायचं. आणि ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एडची ट्रायल जरूर मागा, बाहेरचे बारीक आवाज परत यायला लागले की शिट्टी बऱ्याचदा मागे पडते.

आवाज नुसता एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल तर पुढच्या तपासण्या करून घ्या. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मात्र उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा, तिथे स्टिरॉइड लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे.

चिवचिव

मी घरच्यांच्या बाजूने लिहिते, माझ्या नवऱ्याला हाच त्रास आहे. बाहेरून काहीच दिसत नाही ना, त्यामुळे सुरुवातीला घरात सगळ्यांना वाटायचं की हा उगाच चिडतो. आम्हाला उपयोग झाला तो आधी सांगण्याचा. "मिक्सर लावतेय हं" एवढं म्हटलं तरी त्याला तो आवाज निम्मा लागतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं, भांडी ठेवायला जाड मॅट घातली, दारांना रबर. पण घर एकदम चिडीचूप ठेवायच्या मागे लागू नका, आम्ही सगळे कुजबुजत बोलायला लागलो तर त्यालाच ते जास्त खुपायचं. सांजवेळताई, तुम्ही घरच्यांना "आवाज करू नका" असं न म्हणता नेमकं काय लागतं ते सांगा, तेवढं लोक आनंदाने करतात.

दूरदेशी

वरच्या सगळ्याला +१. हेडफोनबद्दल माझा अनुभव, नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज दाबणारी सोय) प्रवासात छान पण शांत खोलीत ते लावलं की कानावर दाब येतो आणि शिट्टीच जास्त ऐकू येते. मीटिंगला मी हेडफोन लावतच नाही, लॅपटॉपचा स्पीकर वापरतो, लावावाच लागला तर कानाबाहेर राहणारा, आवाज निम्म्याच्या खाली आणि मध्ये मध्ये ब्रेक.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. आजपासून सकाळच्या वेळेत प्लग काढून पंखा चालू ठेवणार आणि हिअरिंग एडच्या ट्रायलचं विचारणार. चिवचिवताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. श्रवणमित्र, एकच शंका, लग्नकार्यात डीजे असतो तिथे फोमचे प्लग घातले की समोरच्याचं बोलणंच कळत नाही, त्याला काय करू?

श्रवणमित्र

फोमचे प्लग वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त कापतात म्हणून बोलणं गढूळ होतं. त्याऐवजी फिल्टर असलेले म्युझिशियन प्लग मागा, ते सगळ्या पट्टीत साधारण सारखाच आवाज कमी करतात त्यामुळे बोलणं कळतं. १५ डेसिबलच्या आसपासचा फिल्टर घ्या, स्पीकरच्या अगदी समोर न बसता लांबच्या कोपऱ्यात बसा, आणि तिथून बाहेर पडलात की काढून ठेवा.