दोन इंजिनांची जेट बोट: डावं इंजिन ६,५५० आरपीएमच्या वर जात नाही

डावा_लिव्हर

दोन्ही इंजिनं एकाच मॉडेलची: चार सिलिंडर, पेट्रोल, फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शन. जेट पंप (पाणी ओढून मागे फेकून बोट ढकलणारे) वेगवेगळे, टाकी एकच. फुल थ्रॉटलला उजवं ७,४०० घेतं, डावं ६,५५० ला अडकतं आणि काटा तिथेही हलत राहतो. आयडलिंगला थरथरतं. थंड असताना फरक कमी, दहा-पंधरा मिनिटांनी वाढतो. बोट डावीकडे ओढते. ऑइलचा किंवा तापमानाचा इशारा लागलेला नाही. आधी पंप उघडू की इंजिन?

घनमूळ

पंपाला हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे.

पंपाची जाळी गवताने भरली, इंपेलरची (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाची) कड खाल्ली गेली किंवा इंपेलर आणि त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगमधली फट वाढली, की पाण्यात हवा आणि वाफेचे बुडबुडे मिसळतात. इंपेलरवरचा भार हलका होतो, त्यामुळे आरपीएम वाढतो आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. तुमच्याकडे उलटं आहे. आरपीएम कमी, म्हणजे ताकदच कमी. पंपामुळे आरपीएम खाली येण्याचं नेहमीचं कारण एकच, शाफ्टला गुंडाळलेला दोर. इंजिन बंद करून, किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून, टॉर्चने शाफ्ट तेवढा बघून घ्या.

आता हिशोब. जेट पंप जी ताकद खातो ती साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि बोटीच्या वेगाचा त्यावर फार थोडा परिणाम होतो. ६,५५० भागिले ७,४०० म्हणजे ०.८८५. त्याचा घन ०.६९. डावं इंजिन जवळपास ७० टक्के ताकद देतंय. चारातला एक सिलिंडर गेला तर २५ टक्के जातात, वर तो मेलेला सिलिंडर बाकीच्या तिघांना ओढत न्यावा लागतो. आकडा बरोबर बसतो. दोन सिलिंडर बंद असते तर काटा ५,९०० च्याही खाली दिसला असता. ईसीयूने (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरने) संरक्षणासाठी आरपीएम बांधला असता, तर सहसा इशारा लागला असता आणि काटा एका आकड्यावर गच्च थांबला असता. तुमचा हलतोय. एक सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही, असं मी धरून चाललो असतो.

एक सोपी तपासणी मात्र आधी करा. इंजिन बंद, लिव्हर पूर्ण पुढे, आणि थ्रॉटल केबलवर चालत असेल तर दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल वॉल्व्ह शेवटच्या स्टॉपला टेकतात का ते बघा. केबल ढिली असली तरी आरपीएम कमी राहतो, पण मग आयडलिंगला थरथर नसते.

पाना_दहा

सहमत. आता कुठला सिलिंडर, ते शोधायचं. इंजिनाचं झाकण उघडून आधी ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवा. पेट्रोलचा वास येत असेल तर पुढे जाऊ नका, गळती शोधा.

बोट पाण्यात, नीट बांधलेली, तळाखाली किमान एक मीटर पाणी, नाहीतर पंप वाळू ओढतो. इंजिन गरम होऊ द्या, मग बंद करा. एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढा, चालू करा, आयडलिंग ऐका. बंद, कनेक्टर परत, पुढचा सिलिंडर. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी अडखळतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो तुमचा.

कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा) नाही, इंजेक्टरचा कनेक्टर काढा. कॉइल काढली तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या वॉटर बॉक्समध्ये (सायलेन्सरच्या डब्यात) जमतं आणि तिथे पेटू शकतं.

सिलिंडर सापडला की प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा आणि स्वच्छ, तर इंजेक्टरकडे वळा. पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर थांबा आणि डिपस्टिक बघा. दुधाळ ऑइल असेल तर इंजिन पुन्हा चालू करायचं नाही.

यानंतर दोन इंजिनांचा खरा फायदा. शेजारी तंतोतंत तसंच चांगलं इंजिन आहे, नवीन पार्ट आणून अंदाज बांधायची गरज नाही. डाव्या इंजिनाची संशयित कॉइल उजव्याच्या त्याच नंबरच्या सिलिंडरवर लावा, उजवीकडची डावीकडे. एका वेळी एकच वस्तू बदला. प्लग आणि कॉइल एकदम हलवलं तर बोट ठीक चालेल, पण का चालली ते कळणार नाही. दोष कॉइलबरोबर उजवीकडे गेला तर कॉइल. तिथेच राहिला तर प्लग, मग वायरिंग, मग इंजेक्टर.

तुमचा दोष गरम झाल्यावर वाढतो. कॉइलच्या आतलं वाइंडिंग असंच वागतं, म्हणून अदलाबदलीनंतर निदान वीस मिनिटं भार देऊन चालवा. ट्रेलरवर होज लावून हे दिसणार नाही. पंपात पाणी नसलं की इंजिनावर भारच नसतो.

सगळं बदलून दोष तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. चारही प्लग बाहेर, कॉइल-इंजेक्टरचे सगळे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टन रिंग, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

थंड_पाणी

एक गोष्ट राहिली, आणि ती चुकली तर सत्तर टक्क्यांचं इंजिन शून्यावर येतं. डावं बंद ठेवून उजव्यावर परतायची वेळ आली तर हळू या. बोट वेगात गेली की बंद इंजिनाच्या पंपात पाणी घुसतं, कूलिंगच्या होजमधून एक्झॉस्टमध्ये चढतं आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही, मग स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. लांबचा पल्ला असेल किंवा बोट ओढून न्यायची असेल तर पंपाकडून इंजिनाकडे जाणारी होज क्लॅम्पने दाबून ठेवा, आणि सुरू करण्याआधी क्लॅम्प आठवणीने काढा.

होजने फ्लश करतानाही हाच धोका. आधी इंजिन सुरू, मग नळ. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन.

डावा_लिव्हर

डाव्या इंजिनाचा तीन नंबर. प्लग ओला होता. कॉइल उजवीकडे लावली, वीस मिनिटं चालवलं, उजवं ७,४०० वरच. डावं तसंच अडखळतं. प्लगची अदलाबदल करूनही तेच. मग कॉइलच्या कनेक्टरचं रबरी सील वर करून बघितलं: एका पिनवर हिरवट थर, आणि ती पिन बाकीच्यांपेक्षा साधारण मिलिमीटरभर मागे सरकलेली. पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून मागून ढकलल्यावर खट्‌ आवाज करून बसली. आता ७,३५०.

पाना_दहा

गरम झाल्यावर तीच पिन सुटत होती. साफ केलेल्या पिनवर भरवसा ठेवू नका, टर्मिनल आणि सील दोन्ही नवीन घाला, आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. बाकी तीन कनेक्टरही उघडून बघा, ओल एकाच ठिकाणी थांबत नाही.

आणि डाव्या इंजिनाचं ऑइल तपासा. तीन नंबरमध्ये इतके दिवस न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलंय. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर फिल्टरसकट ऑइल बदलल्याशिवाय फुल थ्रॉटल देऊ नका.