शब्दचर्चा : 'पदक' की 'प्रतिमापदक'?

प्रश्न : पिसानेल्लो, मात्तेओ दे पास्ती या इटालियन कलाकारांच्या ब्राँझच्या 'मेडल्स'ना मराठीत नुसतं 'पदक' म्हटलं तर चालेल का? लेख पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या राजसत्तेवर आहे.

नाणेसंग्राहक : नुसत्या 'पदका'ने अर्थ उलटा लागेल. आपल्याकडे पदक कर्तबगारीबद्दल मिळतं आणि देणारा दुसराच असतो. इथे ज्याचा चेहरा, तोच ते करवून घेतो आणि मित्रराजे, राजदूत, पंडित यांना धाडतो. रिमिनीचा सत्ताधीश सिजिस्मोंदो मालातेस्ता याने तर आपल्या वास्तूंच्या भिंतींतही ती पुरून ठेवली. म्हणून 'प्रतिमापदक'. 'नाणं' नको, कारण ते चलन नव्हे. 'मुद्रा'ही नको, वाचकाला शिवरायांची राजमुद्रा, म्हणजे कागदावर उमटवायचा शिक्का आठवेल.

उदाहरणाला फेराराच्या लिओनेल्लो द'एस्तेचं १४४४ चं लग्नाचं पदक घ्या. पिसानेल्लोची कृती, व्यास सुमारे १० सेंमी. छाप्याला त्याचा एका अंगाने दिसणारा चेहरा. त्याभोवती नाव, फेरारा, रेज्जो, मोदेना या मुलखांचं धनीपण, आणि शिवाय तीन त्रोटक लॅटिन शब्द : 'आरागॉनच्या राजाचा जावई'. हे तीन शब्द फार मोलाचे. सासरा आल्फोन्सो १४४२ मध्ये नेपल्सही जिंकून बसला होता. काट्याला प्रेमदेव क्यूपिड सिंहाला गाणं शिकवतोय. लिओनेल्लो म्हणजेच छोटा सिंह.

ओतारी : 'प्रतिमापदक' पटलं, 'छापा-काटा' नाही. छाप ठोकून पाडतात. ही पदकं ओतलेली आहेत. 'दर्शनी बाजू' आणि 'पाठ' म्हणा.

क्रियापदही 'ओतणे' हवं. प्रत्येक बाजूचा नमुना मेणात वेगळा घडवायचा, दोन्हींचे साचे घ्यायचे, ते जुळवून वितळलेलं ब्राँझ ओतायचं, मग कडेचे ओघळ कानशीने काढून अक्षरं छिन्नीने उजळायची. साचा ओलसर असला तर वाफेने अंगावर बारीक छिद्रं पडतात. रस थंड असला तर अक्षरं अर्धवट भरतात. दोन भाग सरकले तर कडेला पायरी येते.

जुन्या पदकावरूनच साचा घेतला तर ती 'पुनरोतीव प्रत'. ब्राँझ निवताना साधारण १ ते २ टक्के आकसतं, म्हणून १०० मिमीच्या पदकाची अशी प्रत ९८-९९ मिमी भरते आणि केसांच्या रेषा बोथट दिसतात. लेखात व्यास मिमीमध्येच द्या.

प्रश्नकर्ता : मग 'स्मृतिपदक' कुठे वापरावं?

नाणेसंग्राहक : विषय एखादी घटना असेल तिथे. २६ एप्रिल १४७८ ला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये जुलिआनो मेदिचीचा खून झाला, शहराची सूत्रं हलवणारा त्याचा भाऊ लोरेन्झो वाचला. शिल्पकार बेर्तोल्दोने ओतवलेल्या पदकाच्या एका बाजूला जुलिआनोचं मस्तक आणि 'लोकांचा शोक', दुसरीला लोरेन्झोचं आणि 'लोकांचं क्षेम'. लोरेन्झोकडे राजपद नव्हतं. तरी त्याचा जीव म्हणजे शहराचं क्षेम, हे पदकानेच ठरवून टाकलं. ते स्मृतिपदक आहे आणि प्रतिमापदकही. मी दोन्ही शब्द लिहीन.