चौथीतली मुलगी गणितात पुढे आहे, घरी नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लेक चौथीत, सेमी इंग्लिश, आम्ही सांगलीला. गणित तिला फार पटकन येतं. सासऱ्यांनी गंमत म्हणून पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे जुने पाढे) शिकवली, तेव्हापासून २४ गुणिले २५ विचारलं की "चोवीस पाव सहा, म्हणजे सहाशे" असं तोंडी सांगून मोकळी होते. शाळेत त्याच गणिताला पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून अर्धे मार्क. बाई वाईट नाहीयेत, एवढ्या मोठ्या वर्गात त्या तरी कुणाकुणाकडे बघणार, पण त्यांचं म्हणणं की घरी पुढचं शिकवू नका, इथे कंटाळते आणि शेजारणीशी गप्पा मारत बसते.

घरात ज्याचं त्याचं मत. नवरा म्हणतो अबॅकस लावू, शिवाय स्कॉलरशिपचा क्लास, आणि सुट्टीत पाचवीचं पुस्तक संपवून टाकू. सासूबाई म्हणतात पोरीला खेळू दे. मला अबॅकस पटत नाही कारण वेग तिच्याकडे आहेच, अजून वेग घेऊन काय करायचंय?

माझी खरी काळजी वेगळी आहे. जे चटकन येत नाही ते ती सोडूनच देते. परवा कोडं घातलं, सहा काड्यांत चार सारखे त्रिकोण कर. थोडा वेळ बघितलं, जमेना, तशा काड्या ढकलल्या आणि "कोडंच चुकीचं आहे" म्हणत रडारड. अडकायची सवयच नाही तिला. ती कशी लावायची? निबंधाचंही तेच, तीन ओळी आणि संपला.

प्रतिसाद १: ताई, पाचवीचं पुस्तक आत्ता अजिबात नको, मग पाचवीत वर्षभर काय करेल? पुढे नेण्यापेक्षा खोल न्या. १ ते ९ आकड्यांचा जादूचा चौकोन द्या, उभी-आडवी-तिरपी बेरीज १५. भरेल ती पटकन, पण तिथे थांबू नका, मधे पाचच का येतो ते विचारा. (तुमच्यासाठी: मधल्या घरातून चार ओळी जातात, त्यांची बेरीज ६०. सगळ्या आकड्यांची ४५. फरक १५, कारण मधला आकडा तीनदा जास्तीचा मोजला गेला, म्हणून तो ५.) हे सांगायचं मात्र नाही! फ्रिजवर लावून ठेवा, आठवडा लागू दे. आणि काड्या टेबलावर आडव्याच ठेवायला हव्यात असं कुणी सांगितलंय, एवढंच विचारा तिला. वाचायला 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत.

प्रतिसाद २: मी स्वतः प्राथमिकला शिकवते. पायऱ्यांवरून बाईंशी वाद घालू नका, शाळेच्या पद्धतीने एकदा लिहू दे आणि खाली "मी असं केलं" म्हणून एक ओळ. पंचवीस म्हणजे शंभराचा पाव हे तिला शब्दांत मांडता आलं तर निबंधाचीही थोडी सोय होईल. आणि होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा (विज्ञानाची स्पर्धा परीक्षा) सहावीला असते, त्याची घाई आत्तापासून नको.

धागाकर्ती: दोघींचे खूप आभार. चौकोन आजच देते. फक्त एक, आठवडाभर उत्तर न सांगता आजोबांना गप्प कसं बसवू? ते दुसऱ्याच मिनिटाला सांगून टाकतात :)